पॅकेजात राहून गेलेली फाइल

मेहनतीनं लिहिलेला प्रोग्राम मित्राला पाठवावा आणि त्याच्या संगणकावर खिडकी उघडण्याऐवजी सूचना यावी: क्यूटीचा प्लॅटफॉर्म प्लगइन सापडला नाही, पुन्हा इन्स्टॉल करून पाहा. मित्र पुन्हा इन्स्टॉल करतो, तरी सूचना तीच. हवी असलेली फाइल मुळात पॅकेजातच नसते.

क्यूटी हा नॉर्वेतल्या ट्रोलटेक कंपनीनं घडवलेला, १९९५मध्ये बाहेर आलेला सॉफ्टवेअर-संच. बटणं, मेनू, खिडक्या उभारण्याचं काम त्याचं. नकाशांसाठीचं क्यूजीआयएस, चित्रकारांचं क्रिटा, विंडोजवरचा व्हीएलसी प्लेअर हे सारे त्याच्यावरच उभे आहेत. डिसेंबर २०१२मध्ये त्याची पाचवी आवृत्ती आली. तिच्यात ऑपरेटिंग सिस्टिमशी बोलणारा भाग वेगळ्या प्लगइनमध्ये गेला. विंडोजवर ही फाइल म्हणजे क्यूविंडोज.डीएलएल; तिची जागा सहसा प्रोग्रामशेजारच्या ‘प्लॅटफॉर्म्स’ फोल्डरमध्ये.

ती सुटते कशी? प्रत्येक एक्झी फाइलच्या आत तिला लागणाऱ्या डीएलएलची यादी असते. पॅकेज बांधणारा ती यादी पाहून फाइली गोळा करतो. प्लगइनचं नाव मात्र या यादीत नसतंच; प्रोग्राम सुरू झाल्यावर तो फोल्डर धुंडाळून प्लगइन उचलतो. लिहिणाऱ्याच्या संगणकावर क्यूटीचा संपूर्ण संच बसवलेला असल्यानं तिथं सगळं सुरळीत चालतं, आणि म्हणूनच चूक त्याला दिसत नाही.

निदान ही चूक ओरडून तरी सांगते. जेपेगची चूक जास्त वाईट. पीएनजी चित्रं वाचण्याची सोय क्यूटीच्या मुख्य भागातच आहे, जेपेगची ‘इमेजफॉरमॅट्स’ फोल्डरमधल्या प्लगइनमध्ये. तो राहिला तर प्रोग्राम उघडतो, पीएनजी आयकॉन नीट दिसतात, फक्त फोटोंच्या जागा रिकाम्या राहतात. कसली सूचना नाही, काही नाही. एसक्यूलाइट डेटाबेसचा ड्रायव्हरही असाच वेगळ्या फोल्डरमध्ये असतो.

यासाठी क्यूटीसोबतच विनडिप्लॉयक्यूटी हे साधन मिळतं. प्रोग्राम क्यूटीचे कोणते भाग वापरतो हे पाहून ते लागणारे प्लगइन शेजारी आणून ठेवतं. पण डोळे झाकून त्याच्यावर विसंबू नये: मायएसक्यूएलच्या ड्रायव्हरला स्वतःची आणखी एक डीएलएल लागते, आणि ती हातानंच ठेवावी लागते.

मॅकवर प्लगइन ॲपच्या पोटातल्या ‘प्लगइन्स’ फोल्डरमध्ये जातात. तिथं क्रमाला फार महत्त्व आहे. आधी सगळ्या फाइली आत, मग डिजिटल सही. सहीनंतर एक जरी फाइल घातली तरी सही बाद ठरते.

खरी परीक्षा कोऱ्या संगणकावरच होते. विंडोज १०च्या प्रो आवृत्तीत २०१९पासून सँडबॉक्स, म्हणजे विंडोजच्या आतच उघडणारा तात्पुरता कोरा संगणक, मिळतो; तो बंद केला की आतलं सगळं पुसलं जातं, त्यामुळे दर वेळी सुरुवात स्वच्छ होते. तिथं नुसता प्रोग्राम उघडून थांबू नये. एक जेपेग फोटो उघडावा, डेटाबेसमध्ये एक नोंद करावी, एक पान छापायला पाठवावं, कारण क्यूटीच्या पाचव्या आवृत्तीत या तिन्ही कामांचे प्लगइन वेगवेगळे आहेत.