रेग्युलेटरपुढचा रिकामा कंडेन्सर

नंदुरबार-शहादा पट्ट्यात घरी अ‍ॅम्प्लिफायर जोडणाऱ्याला आवाजाआधी लाईटचा विचार करावा लागे. थ्री फेज आली की तापीकाठच्या मोटारी एकदम सुरू होत आणि घरातला बल्ब मंदावे. ट्रान्सफॉर्मर, ब्रिज आणि ४७०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर एवढ्यावर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर अशा वेळी घुरघुरू लागे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून हा जिल्हा वेगळा झाला, त्याच्या आधीपासूनचे हे दुखणे.

त्यावर पहिला खरा उतारा मिळाला तो रेग्युलेटरचा. ७८१२ किंवा एलएम ३१७, तीन पायांची आयसी. ३१७ ही बॉब डॉबकिन आणि बॉब विडलर यांनी १९७०च्या दशकात नॅशनल सेमिकंडक्टरमध्ये घडवली. इनपुट १६ व्होल्ट असो की २०, आउटपुट १२ वर ठाम. सुटे भाग आणायला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपेक्षा रेल्वेने सुरत जवळची. ज्याच्या सप्लायमध्ये ३१७ आणि बऱ्यापैकी हीटसिंक बसली, त्याचा अ‍ॅम्प्लिफायर मोटारींच्या वेळेतही स्वच्छ वाजू लागला. या आयसीने छोट्या गावातल्या हौशी माणसाला जेवढे दिले, तेवढे दुसऱ्या कुठल्याच भागाने दिले नाही, असे मला मनापासून वाटते.

२००५ नंतर प्रश्न बदलला. ग्रामीण महाराष्ट्रात दहा-बारा तासांचे भारनियमन आले. लाईटच नाही तिथे रेग्युलेटर काय सांभाळणार? मग बॅटऱ्या आल्या, इन्व्हर्टर आले.

सुपरकपॅसिटर आमच्याकडच्या टेबलांवर आला तो बराच नंतर, ऑनलाइन खरेदी सोपी झाल्यावर. त्याचे मूळ मात्र जुने. जनरल इलेक्ट्रिकचे पेटंट १९५७चे, आणि १९७०च्या दशकाअखेर जपानच्या एनईसीने तो याच नावाने बाजारात आणला, तोही मेमरी जागी ठेवण्यापुरता. आज २.७ व्होल्ट, ३५० फॅरडचा सेल मुठीत मावतो. असे सहा सिरीजमध्ये जोडले की साधारण ५८ फॅरड होतात, म्हणजे जुन्या ४७०० मायक्रोफॅरडच्या बारा हजार पटींहून जास्त.

आणि इथेच वर्षानुवर्षे भरवशाचा ठरलेला रेग्युलेटर अडचणीत येतो. रिकामा सुपरकपॅसिटर म्हणजे त्याच्या दृष्टीने थेट शॉर्ट. इनपुटला १८ व्होल्ट, आउटपुटला शून्य, करंट दीड अँपिअर: २७ वॉट उष्णता एकट्या आयसीवर. ती तापून स्वतःला बंद करते, निवली की पुन्हा सुरू होते, पुन्हा बंद. साध्या कंडेन्सरला हा ताण क्षणभराचा. इथे तो कित्येक मिनिटे टिकतो. व्होल्टेज राखायला बनवलेल्या भागाकडून आपण करंट राखण्याची अपेक्षा करतो, सगळा गोंधळ त्यातून होतो.

उपाय रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात आधीपासून होता: सिरीज बल्ब. नवीन जोडणी तपासताना मिस्त्री लाईनमध्ये बल्ब घालतो, तसाच रेग्युलेटर आणि सुपरकपॅसिटर यांच्यामध्ये मोटारसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, १० वॉटचा बल्ब घालायचा. आरंभी तो पूर्ण पेटतो, ०.८ अँपिअरच्या आसपास करंट जाऊ देतो आणि चार्ज चढत जाईल तसा मंद होतो. भरल्याचे दिसते, मोजावे लागत नाही. दुसरी ३१७ करंट सोर्स म्हणून जोडली तर काम अधिक नेटके होते; १.२५ ओहमच्या रेझिस्टरने १ अँपिअर बांधला जातो आणि १२ व्होल्टपर्यंत जायला बारा मिनिटे लागतात. पण अशा जोडणीत इनपुटच्या १८ व्होल्टमधून घेतलेल्या ऊर्जेचा एक तृतीयांशच साठतो, उरलेली हीटसिंकवर जाते.

लाईट गेली की दुसरा धोका. भरलेला सुपरकपॅसिटर आयसीतून उलटा करंट ढकलतो. आउटपुटकडून इनपुटकडे एक १एन४००७ डायोड लावला की तो बाजूने निघून जातो. जिथे लाईट रोज जाते, तिथे हा डायोड टाळताच येत नाही.

मिळते काय? तीन वॉट खाणारा टीडीए २००३चा छोटा अ‍ॅम्प्लिफायर १२ पासून ८ व्होल्टपर्यंत तेरा मिनिटांच्या जवळपास चालतो. बॅटरीची जागा सुपरकपॅसिटर घेत नाही. मात्र ढोलाचा जोराचा ठोका आला तरी सप्लाय खचत नाही, आणि वर्षानुवर्षे पाहिजे होते ते हेच.

सहाही सेल सारखे भरत नाहीत, म्हणून प्रत्येकावर समान किमतीचा रेझिस्टर हवा. १२ व्होल्ट सहांत वाटले की सेलला २ येतात, २.७ पासून पुरेसे दूर. शहाद्याच्या मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो आणि उष्णतेने या सेलचे आयुष्य झपाट्याने घटते. त्यामुळे ते ट्रान्सफॉर्मर आणि हीटसिंकपासून लांब, पेटीच्या हवेशीर बाजूला बसवायचे.