फोटो तुमचा, नाव मात्र दुसऱ्याचं?

भगिनींनो, उन्हाळ्यात घातलेल्या कुरडया-सरगुंडे किंवा हाताने शिवलेली गोधडी विकायची, तर पूर्वी शेजारपाजार नाहीतर गावचा बाजार एवढीच वाट होती. आता बुलढाणा जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या सोनाळ्यात बसूनही एखादी गृहिणी आपला माल मुंबईच्या गिऱ्हाइकाला दाखवू शकते. वेबसाइटवर फोटो टाकला की झालं! पण तोच फोटो दुसऱ्या कुणी उचलला, आपल्या दुकानाचं नाव लावलं आणि त्यावर हलका माल खपवला तर? मेहनत तुमची, पैसे त्याचे, आणि बोल मात्र तुमच्या मालाला!

एक गोष्ट आधी मनाशी पक्की करा. इंटरनेटवरच्या फोटोला पक्कं कुलूप नसतं. पाहणाऱ्याला फोटो दिसला, म्हणजे त्याची एक प्रत त्याच्या मोबाइलमध्ये पोचलेलीच असते. काही जण वेबसाइटवर माउसचं उजवं बटण बंद करून देतात. पण तो नुसता दारावरचा पडदा. स्क्रीनशॉट काढणाऱ्याला त्याची काय अडचण? म्हणून अस्सल घरात ठेवावं, बाहेर फक्त प्रत पाठवावी.

हे काही नवं नाही बरं का. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि त्यांच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचल्या. त्या चित्रांच्या नकला दुसऱ्या छापखान्यांनीही काढल्याच. पण छापील चित्राखाली छापखान्याचं नाव असे, त्यामुळे जाणत्याला अस्सल ओळखता येई.

तुम्हीही एवढं करा :

१. वेबसाइटवर लहान फोटो टाका. रुंदी ८०० ते १००० पिक्सेल पुरे. पडद्यावर तो छान दिसतो, पण मोठा छापायला गेलं की फुटतो.

२. नावाचा पुसट ठसा, म्हणजे वॉटरमार्क, फोटोच्या मधोमध, वस्तूवरच येऊ द्या. कोपऱ्यातलं नाव कात्रीने कापावं तसं सहज कापता येतं.

३. मूळ मोठा फोटो कुणालाही पाठवू नका. तो तारखेसकट जपून ठेवा. उद्या वाद झाला, तर तोच तुमचा पुरावा.

४. महिन्या-दोन महिन्यांनी आपला फोटो गुगल लेन्समध्ये घालून बघा. तो आणखी कुठे वापरला असेल, तर बरेचदा सापडतो.

आता कायद्याचं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार तुम्ही फोटो काढलात, त्याच क्षणी हक्क तुमचा. नोंदणीची सक्ती नाही. स्टुडिओवाल्याला पैसे देऊन काढून घेतलात, तरी वेगळा करार नसेल तर हक्क तुमचाच. २०१२ च्या दुरुस्तीनंतर फोटोवरचं हक्काचं नाव जाणूनबुजून, परवानगीवाचून काढून टाकणं हासुद्धा गुन्हा आहे.

चोरी दिसली तर लगेच भांडायला धावू नका. तुमच्या ओरडण्याने समोरचा फोटो काढून टाकेल आणि पुरावाच जाईल! आधी त्या पानाचा पत्ता आणि तारखेसकट स्क्रीनशॉट घ्या. मग ते पान ज्या कंपनीच्या जागेवर आहे, तिच्याकडे लेखी तक्रार करा.

आणि हो, मालाच्या फोटोला ठसा लावाल, पण मुलीबाळींच्या फोटोंचं काय? व्हॉट्सॲपवरचा आपला फोटो फक्त ओळखीच्यांना दिसेल अशी सोय सेटिंगमध्ये आहे. फेसबुकवर प्रोफाइलला कुलूप लावता येतं. भारतात ती सोय २०२० पासून आहे. कुणी फोटोत फेरफार करून त्रास दिलाच, तर ‘लोक काय म्हणतील’ म्हणून गप्प बसू नका. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदवा, नाहीतर सरळ पोलीस ठाणं गाठा. लाज चोराने बाळगायची, आपण नाही!