'घोटी'चे बारा बाइट

'घोटी' हे गाव रोमन लिपीत लिहिले तर संगणकाला ५ बाइट पुरतात. देवनागरीत घ, ओकार, ट आणि वेलांटी असे चार घटक. यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येकाला ३ बाइट, म्हणजे एकूण १२.

लिनक्सच्या एक्स्ट४ फाइलप्रणालीत फाइलच्या नावाची मर्यादा २५५ बाइट आहे. त्यामुळे मराठी नाव ८५ घटकांच्या आसपास संपते. काना, वेलांटी, जोडाक्षरात दडलेला हलन्तसुद्धा त्यात मोजला जातो! विंडोजची एनटीएफएस मात्र देवनागरीचेही २५५ घटक घेते. म्हणून 'घोटी बाजार समिती भात आवक'ने सुरू होणारे, तिथे सुखाने नांदलेले लांबलचक नाव लिनक्सवर उतरवताना अडते. यात नाव देणाऱ्याची चूक नाही, आणि हेच मला खटकते. तूर्त गावाचे नाव फोल्डरला द्यावे, फाइलला नुसती तारीख.