आग्र्याचा किल्ला राखणारे लखबादादा

मालवणच्या धक्क्यावर उभं राहिलं की नजर आपसूक सिंधुदुर्गाकडे जाते. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजीमहाराजांनी या किल्ल्याचं काम सुरू केलं आणि आमच्या जिल्ह्याच्या पराक्रमाचं नातं समुद्राशी कायमचं जोडलं गेलं. आरमार, गलबतं, पाण्यातला तट एवढंच आम्ही मुलांना सांगतो. पण याच मुलखातली काही माणसं घाट चढून थेट उत्तरेत गेली आणि तिथे त्यांनी फौजा चालवल्या. जिवबादादा केरकर आणि लखबादादा लाड ही त्यांतली सर्वांत मोठी दोन नावं. त्यांची कारकीर्द आज आपल्याच गावांत किती जणांना ठाऊक आहे?

अठराव्या शतकात तेरेखोल नदी ही आजच्यासारखी दोन राज्यांची हद्द नव्हती. पलीकडचा पेडणे महालही सावंतवाडीकर भोसल्यांचाच होता. जिवबादादा त्या महालातल्या केरीचे, आणि लखबादादाही याच सावंतवाडीच्या मुलखातले. वाडीच्या गादीवर १७५५ पासून १८०३ पर्यंत तिसरे खेम सावंत होते आणि त्यांची राणी लक्ष्मीबाई शिंद्यांच्या घराण्यातली. वाडी आणि शिंदे यांचं असं सोयरिकीचं नातं होतं. लेखणीत तरबेज असलेली इथली शेणवी मंडळी महादजी शिंद्यांच्या पदरी मोठ्या संख्येनं दिसतात. त्यांतल्या काहींनी कलमदान ठेवून तलवार धरली. जिवबादादा शिंद्यांच्या फौजेचे बक्षी झाले, म्हणजे लष्कराचा हिशेब आणि लष्कराची आघाडी दोन्ही त्यांच्याकडे. लखबादादा त्यांच्याच पंक्तीला बसले.

लखबादादांचं नाव झालं ते महादजींच्या सर्वांत वाईट दिवसांत. जुलै १७८७ मध्ये लालसोटला जयपूर-जोधपूरकरांशी लढाई झाली. तीत निकाल लागला नाही, पण पाठोपाठ महादजींच्या फौजेतल्या मोगल पलटणी शत्रूला जाऊन मिळाल्या. पगार थकलेले, रसद तुटलेली, अशा अवस्थेत महादजींना चंबळेच्या दक्षिणेला हटावं लागलं. उत्तरेतला मराठी अंमल जणू आटोपला. फितूर झालेल्या मोगल सरदार इस्माईल बेगानं आग्रा शहर घेतलं आणि किल्ल्याला वेढा घातला. किल्ल्यात लखबादादा होते.

त्या वेढ्याकडे जरा जवळून पाहायला हवं. खाली शहर शत्रूच्या ताब्यात. धनी चंबळेपलीकडे. मदत केव्हा येईल, येईल की नाही, कोणालाच सांगता येत नाही. आजूबाजूला रोज कोणी ना कोणी बाजू बदलतो आहे. अशा वेळी किल्ल्याच्या किल्ल्या हातात असलेल्या माणसाला सौदा करणं फार सोपं असतं. लखबादादांनी तो केला नाही. जवळजवळ वर्षभर त्यांनी किल्ला धरून ठेवला. १८ जून १७८८ रोजी महादजींचे सेनानी राणेखान, जिवबादादा आणि डी बॉयन यांनी आग्र्याबाहेर इस्माईल बेगाचा मोड केला, तेव्हा वेढा उठला. महादजींना उत्तरेत पुन्हा पाय रोवता आले, त्यामागे हा वर्षभराचा टिकाव आहे.

पुढे सगळं भराभर घडलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रोहिला सरदार गुलाम कादरनं बादशहा शाहआलमचे डोळे काढले आणि ऑक्टोबरात मराठी फौजांनी दिल्ली घेतली. त्या मोहिमेतही जिवबादादा होते. मनाला चटका लावते ती गोष्ट वेगळीच. याच १७८८ साली पेडणे महाल पोर्तुगीजांकडे गेला. दिल्ली सोडवायला निघालेल्या बक्षींचं स्वतःचं केरी गाव परक्याच्या अमलाखाली गेलं होतं.

१७९० मध्ये पाटण आणि मेडता, १७९३ मध्ये होळकरांविरुद्ध लाखेरी. या लढायांचं श्रेय बहुतेकदा डी बॉयनच्या कवायती पलटणींना दिलं जातं. त्या पलटणी उत्तम होत्याच. पण त्यांच्या बाजू सांभाळणारं घोडदळ गोपाळराव भाऊ, जिवबादादा, लखबादादा अशा सरदारांचं होतं. फेब्रुवारी १७९४ मध्ये महादजी वारले. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याला निजामाविरुद्ध शिंद्यांची फौज जिवबादादांनी चालवली आणि पुढच्याच वर्षी तेही गेले.

मग सुरू झाला लखबादादांच्या आयुष्याचा कठीण काळ. महादजींच्या गादीवर आलेल्या तरुण दौलतरावांच्या दरबारात त्यांच्या सासऱ्यांचं, सर्जेराव घाटग्यांचं, वजन वाढलं. महादजींच्या विधवांची विटंबना झाली, त्यांना छावणी सोडून बाहेर पडावं लागलं. लखबादादांनी या बायांची बाजू घेतली. जुन्या धन्याच्या मिठाला जागायचं की नव्या धन्याचा हुकूम मानायचा, असा तो पेच होता. त्यांनी मीठ निवडलं.

शिंद्यांचे जुने कारभारी बाळोबा तात्या पागनीस कैदेतून सुटून पुन्हा कारभारात आल्यावर लखबादादांनाही परत बोलावलं गेलं. एप्रिल १८०० मध्ये मालपुऱ्याला जयपूरच्या प्रतापसिंहांशी गाठ पडली. सेनापती लखबादादा. राठोडांच्या घोडदळानं फौजेच्या एका भागाची अक्षरशः धूळधाण उडवली, पण उरलेल्या फळीनं दम सोडला नाही आणि जयपूरची फौज मोडली. शिंद्यांच्या चाकरीतला तरुण जेम्स स्किनर राजाच्या सोडून दिलेल्या तंबूत शिरला, तेव्हा तिथे त्याला पितळेचा एक मासा सापडला. तो होता माही मरातब, बादशाही मानाचं निशाण. मोठा विजय होता तो.

पण विजयाची शाई वाळायच्या आत दरबार फिरला. बाळोबा तात्यांना पुन्हा कैद झाली आणि कैदेतच त्यांचा अंत झाला. लखबादादांवर संशय आला. ते बायांसह दतियाच्या आश्रयाला गेले. मे १८०१ मध्ये सेवढ्याला दौलतरावांचा फ्रेंच सेनानी पेराँ त्यांच्यावर चालून आला. लखबादादा जखमी झाले, पराभूत झाले आणि मेवाडात गेले. १८०३ मध्ये सलुंबरला, आश्रित म्हणून, त्यांनी देह ठेवला. वाडीचे खेम सावंतही त्याच वर्षी वारले.

दोष सगळा दौलतरावांचाच होता, असं मी म्हणणार नाही. घरात दोन तट पडले की दोन्हीकडची माणसं चुकतात आणि लखबादादांनीही धन्याविरुद्ध शस्त्र धरलं हे खरंच आहे. तरीही हिशेब मांडायचा तर १८०३ सालचाच पुढचा भाग पाहावा. इंग्रजांचा जनरल लेक चालून आला, तेव्हा ज्याच्यावर भिस्त ठेवली होती तो पेराँ शिंद्यांना सोडून इंग्रजांच्या आश्रयाला गेला. ऑक्टोबरात लेक आग्र्यापुढे आला. लखबादादांनी जो किल्ला जवळजवळ वर्षभर राखला होता, तो या वेळी दोन आठवडेही टिकला नाही.

आरोंद्याहून किरणपाणीचा पूल ओलांडला की केरी फार लांब नाही. मालवणचा किल्ला दाखवायला मुलांना नेतोच आपण. एकदा त्यांना तिथेही न्या आणि सांगा, या लाल मातीतली माणसं आग्र्याचे आणि दिल्लीचे तट राखायला गेली होती. निदान त्यांची नावं तरी आपल्या घरात राहू द्या.