वाट दाखविणारी भिंत

गोवळकोंड्याचा किल्ला पाहिलेल्या आमच्या वाचकांस तेथील टाळीचे नवल ठाऊक असेलच. प्रवेशद्वाराच्या घुमटाखाली वाजविलेली टाळी टेकडीच्या माथ्यावरील बालाहिसारात स्पष्ट ऐकू येते. घुमट आवाजाचे बळ वाढवीत नाही. लहरींस वाट तेवढी दाखवितो. परंतु ती वाट दगडात कायमची बांधलेली. ऐकणारा दुसऱ्या बुरुजावर गेला, तर घुमट त्याच्यामागे थोडाच वळणार!

रेडिओच्या लहरींसही अशीच वाट दाखविता येते. १९३३ साली मार्कोनीने व्हॅटिकन आणि कास्तेल गांदोल्फो येथील पोपमहोदयांचा प्रासाद यांच्यामध्ये सूक्ष्मलहरींचा दूरध्वनी जोडला, तो वक्र परावर्तकांच्याच साहाय्याने. तीही वाट एकाच दिशेची होती.

आजची अडचण अधिक बिकट आहे. भारतात १ ऑक्टोबर २०२२ रोजी मोबाइलच्या पाचव्या पिढीचा प्रारंभ झाला. तिच्या २६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील लहर जेमतेम साडेअकरा मिलिमीटर लांबीची. तिच्यातून माहिती विपुल वाहते. पण काँक्रीटची भिंत आडवी आली की ती अडते, आणि भिंतीमागे तिची सावली पडते.

यावर शास्त्रज्ञांनी योजिलेला उपाय असा: एका पृष्ठभागावर धातूचे शेकडो चिमुकले तुकडे बसवावयाचे. विजेचा दाब बदलला की प्रत्येक तुकडा लहरीस कमीअधिक विलंब लावून परतवितो. हे विलंब नेमके जुळले म्हणजे इष्ट दिशेस साऱ्या लहरी एकमेकींस साथ देतात. भिंत जागची हलत नाही, वाट मात्र बदलते. पृष्ठभाग वक्र असल्यास तो खांबास किंवा कमानीस लपेटता येतो व अनेक बाजूंच्या लहरी झेलतो. मात्र वक्रतेमुळे प्रत्येक तुकड्याचे अंतर आणि तोंड निराळे. म्हणून प्रत्येकाचा हिशेबही निराळा मांडावा लागतो.

हे तंत्र अद्याप बहुतांशी प्रयोगावस्थेतच आहे. तथापि एक प्रश्न आजच विचारलेला बरा. दिशा बदलू शकणारी भिंत कोणाकडे वळावी, हे भिंत ठरवीत नाही, माणूस ठरवितो. जेथून पैसा अधिक, तेथेच ती वळणार काय? की गल्लीच्या टोकाला, उंच इमारतीच्या सावलीत अभ्यासास बसलेल्या मुलीकडे, दवाखान्याच्या आतल्या खोलीतून घरच्यांचा आवाज ऐकू पाहणाऱ्या रुग्णाकडेही? गोवळकोंड्याच्या घुमटास निवड नव्हती. आम्हांस ती आहे.