भिंतीपलीकडील आज्ञा : गृहरंजन-साधनांच्या दूरनियंत्रणातील एक प्रश्न

दिवाणखान्यातील दूरचित्रवाणी संच, ध्वनिवर्धक अथवा ध्वनिमुद्रित संगीताचे यंत्र शयनगृहातून किंवा स्वयंपाकघरातून चालवावयाचे झाल्यास काय करावे लागेल, हा प्रश्न प्रथमदर्शनी केवळ सोयीचा वाटतो. हातातील दूरनियंत्रकाचे किरण भिंत ओलांडीत नाहीत. तेव्हा भिंत ओलांडणारे दुसरे एखादे माध्यम योजिले की काम झाले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत चुकीची नसली तरी अपुरी आहे, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे. भिंत दोन गोष्टी अडविते : माणसाकडून यंत्राकडे जाणारी आज्ञा, आणि यंत्राकडून माणसाकडे परत येणारे ज्ञान. यांपैकी पहिली अडचण दूर करण्याचे उपाय पुष्कळ आहेत व ते जुनेही आहेत. दुसरीचा विचार मात्र बहुधा राहून जातो. आणि दूरनियंत्रणाच्या व्यवहारात जो अविश्वासूपणा अनुभवास येतो, त्याचे मूळ बव्हंशी तेथेच सापडते.

१. भिंत : अडसर की कुंपण?

दुसऱ्या खोलीतून नियंत्रण ही कल्पना अलीकडची नव्हे. अमेरिकेतील फिल्को कंपनीने १९३९ च्या आपल्या रेडिओ संचांबरोबर ‘मिस्टरी कंट्रोल’ नावाची एक पेटी दिली होती. तिच्यावर दूरध्वनीसारखी तबकडी असे. तबकडी फिरविली म्हणजे पेटीतील घटमालेवर चालणारा लहानसा प्रेषक नीच कंप्रतेचे रेडिओ स्पंद सोडी व संच ते मोजून केंद्र बदली. रेडिओ तरंगांना भिंतीची अडचण नसल्याने ही पेटी अन्य खोलीतूनही वापरता येत असे. म्हणजे भिंत ओलांडण्याचा प्रश्न त्या काळीच सुटला होता.

असे असता पुढील काळात तंत्रज्ञांनी रेडिओचा मार्ग का सोडला, हे पाहण्यासारखे आहे. झेनिथ कंपनीने १९५० मध्ये दूरचित्रवाणी संचासाठी तारेने जोडलेला नियंत्रक काढला. परंतु खोलीतून गेलेल्या तारेत पाय अडखळे. १९५५ मध्ये त्याच कंपनीतील यूजीन पॉली यांनी दृश्य प्रकाशाचा झोत वापरला. पडद्याच्या चार कोपऱ्यांतील प्रकाशसंवेदी घटांवर तो झोत टाकावयाचा असे. पण सूर्यप्रकाशही त्या घटांवर पडून संच आपोआप चालू लागे. १९५६ मध्ये रॉबर्ट अ‍ॅडलर यांच्या योजनेनुसार श्राव्यातीत ध्वनीचा नियंत्रक बाजारात आला. त्यात विद्युत् घट मुळीच नव्हता. कळ दाबली की लहान हातोडी अ‍ॅल्युमिनियमच्या दांडीवर आघात करी व सुमारे ४० किलोहर्ट्‌झ कंप्रतेचा ध्वनी उत्पन्न होई. रेडिओ तरंग न घेता ध्वनी घेण्याचे प्रमुख कारण असे की, रेडिओ तरंग भिंत ओलांडून शेजाऱ्याच्या संचालाही आज्ञा देऊ शकले असते. ध्वनी मात्र बहुतांशी त्याच खोलीत राहतो. येथे भिंत हा अडसर नसून ते एक कुंपण होते. आज्ञा कोणाची व कोणत्या यंत्रास, हा प्रश्न ते कुंपण अनायासे सोडवीत होते. जो कोणी भिंत ओलांडू पाहील त्याने या कुंपणाच्या जागी दुसरे काही उभे केले पाहिजे, हे ध्यानात ठेवणे अवश्य आहे.

२. आज्ञेचे अक्षर व तिचे वाहन

१९८० च्या सुमारास श्राव्यातीत ध्वनीची जागा अवरक्त किरणांनी घेतली व बहुसंख्य नियंत्रकांत आजही तीच पद्धती आहे. या किरणांची तरंगलांबी सामान्यतः ९४० नॅनोमीटर असते. विटांच्या भिंतीतून ते पार होत नाहीत. मात्र चुना दिलेल्या भिंतीवरून विखुरले जात असल्याने दार उघडे असता क्वचित् शेजारच्या खोलीतही पोहोचतात. सूर्यप्रकाश व दिव्याचा प्रकाश यांपासून आज्ञा वेगळी ओळखता यावी म्हणून किरणांची उघडझाप ३६ ते ४० किलोहर्ट्‌झ या वाहक कंप्रतेने केली जाते व ग्राहक केवळ तेवढीच कंप्रता निवडून घेतो.

या वाहकावर आज्ञा लिहिण्याच्या पद्धती अनेक आहेत. जपानच्या एन्‌.ई.सी. कंपनीची पद्धती उदाहरणादाखल घेऊ. तीत प्रथम ९ मिलिसेकंदांचा स्पंद व ४.५ मिलिसेकंदांचा विराम असतो. त्यानंतर यंत्राचा ८ द्वयंकांचा पत्ता, त्या पत्त्याचे उलट रूप, ८ द्वयंकांची आज्ञा व आज्ञेचे उलट रूप हे क्रमाने येतात. शून्यास १.१२५ व एकास २.२५ मिलिसेकंद लागतात. प्रत्येक अंकाबरोबर त्याचे उलट रूप असल्याने आज्ञा कोणतीही असो, एकूण काळ सुमारे ६८ मिलिसेकंद एवढाच राहतो आणि सरळ व उलट रूपे जुळतात की नाहीत हे ग्राहकास तपासता येते. ती जुळली नाहीत तर ग्राहक ती आज्ञा टाकून देतो. चुकीची आज्ञा पाळण्यापेक्षा ती न पाळणे बरे, हे धोरण योग्यच आहे. परंतु आज्ञा टाकून दिल्याची वार्ता प्रेषकास मिळत नाही, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

३. भिंत ओलांडण्याचे तीन मार्ग

पहिला मार्ग तारेचा. दुसऱ्या खोलीत एक अवरक्त ग्राहक बसवून त्याने घेतलेले स्पंद तारेने यंत्राजवळ न्यावयाचे व यंत्राच्या काचेवर चिकटविलेल्या लहान प्रकाशकाकडून पुन्हा अवरक्त रूपात सोडावयाचे. दुसरा मार्ग रेडिओचा. येथे तारेऐवजी ४३३ मेगाहर्ट्‌झ किंवा २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपासचे तरंग योजितात. यांतील २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा भारतात २००५ मध्ये अल्पशक्तीच्या उपकरणांसाठी परवान्यावाचून खुला झाला. या कंप्रतेस तरंगलांबी सुमारे १२ सेंटिमीटर असते. असे तरंग विटांच्या भिंतीतून क्षीण होऊन का होईना, पार जातात. सळयांचे काँक्रीट, धातूची कपाटे व ओल धरलेल्या भिंती त्यांना अधिक क्षीण करतात. सूक्ष्मतरंग भट्टीही याच पट्ट्यात काम करीत असल्याने तिचा उपद्रव होऊ शकतो.

तिसरा मार्ग घरातील वीजवाहक तारांचा. स्कॉटलंडमधील पिको इलेक्ट्रॉनिक्स या संस्थेने १९७५ मध्ये ‘एक्स-टेन’ ही पद्धती तयार केली. तीत प्रत्यावर्ती विद्युत्‌दाब शून्यावर येतो त्या क्षणी १२० किलोहर्ट्‌झचा १ मिलिसेकंदाचा स्पंद तारेवर चढविला जातो. १६ गृहसंकेत व प्रत्येकी १६ उपकरणसंकेत मिळून २५६ पत्ते उपलब्ध होतात. विद्युत्‌पुरवठा ५० हर्ट्‌झचा असल्यास पत्ता व कृती मिळून एका पूर्ण आज्ञेस ४७ आवर्तने, म्हणजे जवळजवळ एक सेकंद लागतो. त्रिकला पुरवठा असलेल्या घरात प्रेषक एका कलेवर व ग्राहक दुसऱ्या कलेवर असेल, तर विशेष योजना केल्यावाचून स्पंद पोहोचण्याची शाश्वती नसते.

तारेच्या व रेडिओच्या मार्गांत आज्ञेचे अक्षर तेच राहते, केवळ वाहन बदलते. तिसऱ्यात अक्षरही निराळे आहे. परंतु त्यांच्या मूळ स्वरूपात तिन्ही मार्ग एकेरी आहेत. पत्र गेले, ते पोहोचले किंवा नाही, हे कळण्याची सोय त्यांत नाही.

४. खुले झालेले वर्तुळ

एकाच खोलीत बसलेला मनुष्य कळ दाबतो तेव्हा त्याचे डोळे व कान नियंत्रणव्यवस्थेचाच भाग असतात. पडदा उजळला नाही तर तो पुन्हा कळ दाबतो. आवाज मोठा वाटला तर कमी करतो. परिणामाचे ज्ञान मूळ कारणाकडे परत येण्याच्या या क्रियेस नियंत्रणशास्त्रात प्रत्याभरण म्हणतात. नियंत्रक अगदी साधा असूनही एका खोलीत त्याचे उत्तम चालते, याचे श्रेय नियंत्रकास नसून मधल्या मनुष्यास आहे. मनुष्य भिंतीपलीकडे गेला की हे वर्तुळ तुटते. आज्ञा जात राहते, ज्ञान येत नाही.

याचा परिणाम किती होतो हे आज्ञेच्या प्रकारावर अवलंबून आहे. ‘चालू हो’ ही आज्ञा यंत्राची पूर्वस्थिती कोणतीही असो, त्यास एकाच स्थितीत आणते. तिला आपण निश्चित आज्ञा म्हणू. ‘चालू असशील तर बंद हो, बंद असशील तर चालू हो’ ही दुसऱ्या प्रकारची आज्ञा. तिला पलट-आज्ञा म्हणू. बहुतेक नियंत्रकांवरील विद्युत्‌पुरवठ्याची एकच कळ ही पलट-आज्ञा असते. आवाज बंद करण्याची कळही तशीच.

यंत्र बंद असून ते चालू करावयाचे आहे व प्रत्येक आज्ञा ग्रहण होण्याची संभाव्यता म आहे, असे समजा. आज्ञा स्वतंत्रपणे न वेळा दिली, तर निश्चित आज्ञेच्या बाबतीत यशाची संभाव्यता १ मधून (१ − म) चा न-वा घात वजा करून मिळते. पलट-आज्ञेत यश तेव्हाच, जेव्हा ग्रहण झालेल्या आज्ञांची संख्या विषम असेल. ही संभाव्यता १ मधून (१ − २म) चा न-वा घात वजा करून त्याच्या निम्मी येते. म = ०.९ घेतल्यास निश्चित आज्ञेचे यश एका, दोन व तीन वेळांस अनुक्रमे ०.९, ०.९९ व ०.९९९ असे वाढत जाते. पलट-आज्ञेचे यश मात्र ०.९, ०.१८ व ०.७५६ असे हेलकावे खात शेवटी १/२ कडे जाते. दुसऱ्या शब्दांत, दुसऱ्या खोलीतून पुनःपुन्हा कळ दाबणाऱ्याच्या श्रमाचे फळ नाणेफेकीहून अधिक भरवशाचे राहत नाही. माध्यम सुधारून म ची किंमत वाढविता येते; पण पूर्वस्थितीच जर अज्ञात असेल, तर म = १ असतानाही पलट-आज्ञेचा परिणाम अज्ञातच राहतो. प्रश्न केवळ माध्यमाचा नाही तो असा.

फिलिप्स कंपनीच्या आर्‌.सी.-५ या पद्धतीतील एक योजना येथे उद्‌बोधक आहे. तीतील १४ द्वयंकांपैकी एक द्वयंक कळ नव्याने दाबली की बदलतो व ती दाबून धरली असता तोच राहतो. त्यामुळे एकाच दाबाच्या अनेक प्रती पोहोचल्या तरी ग्राहक त्यांस एकच आज्ञा मानू शकतो. पुनरुक्तीपासून होणारा घोटाळा एका द्वयंकाने असा टळतो. परंतु पूर्वस्थितीचे अज्ञान त्याने दूर होत नाही.

५. परतीची वार्ता

उपाय दोन दिशांनी होतात. पहिला, ज्ञानाची गरज कमी करणे. अनेक संच चालू व बंद यांसाठी स्वतंत्र निश्चित आज्ञा स्वीकारतात, जरी त्यांच्या सोबतच्या नियंत्रकावर तशा कळा नसल्या तरी. भिंतीपलीकडील नियंत्रणासाठी प्रथम त्यांचाच शोध घ्यावा. आवाजाच्या बाबतीतही ‘एक पायरी वाढव’ यापेक्षा ‘अमुक पातळीवर ठेव’ ही आज्ञा श्रेयस्कर होय.

दुसरा उपाय म्हणजे तुटलेले वर्तुळ पुन्हा जोडणे. यासाठी परतीचा मार्ग हवा. संचाच्या वीजतारेवर प्रवाहमापक बसविला, तरी संच चालू की बंद एवढे निश्चित कळते; कारण प्रतीक्षावस्थेत आधुनिक संच सहसा एक वॉटहून कमी शक्ती घेतो व चालू असता कित्येक दशके वॉट. एच्‌.डी.एम्‌.आय. या २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जोडणीत एक तार केवळ परस्परनियंत्रणासाठी राखलेली आहे. तिचा वेग सेकंदास सुमारे ४०० द्वयंक एवढा मंद असला तरी प्रत्येक आठ द्वयंकांमागे पोच देण्याची जागा आहे व ‘तू चालू आहेस काय?’ असे यंत्रास विचारताही येते. संगीतयंत्रांच्या क्षेत्रात सोनोस कंपनीने २००५ मध्ये विक्रीस आणलेल्या पद्धतीत हातातील नियंत्रकासच पडदा होता व कोणत्या खोलीत काय वाजत आहे हे त्यावर दिसे. पलीकडच्या खोलीचे दर्शन हातात आणणे हेच त्या योजनेचे मर्म होय.

तथापि ‘पोच’ या शब्दाचे तीन अर्थ वेगळे ठेवले पाहिजेत. आज्ञा पोहोचली, आज्ञा पाळली गेली, आणि इष्ट परिणाम झाला, या तीन भिन्न गोष्टी आहेत. रेडिओ-ग्राहकाची पोच पहिलीची साक्ष देते, प्रवाहमापक दुसरीची, पण ध्वनिवर्धकाची तार निखळली असेल तर दोन्ही साक्षी अनुकूल असूनही खोलीत शांतताच असेल. तिसरीची साक्ष खोलीतील ध्वनिग्राहकच देऊ शकेल. आणि प्रत्येक दिवाणखान्यात सदैव जागा असलेला कान ठेवणे इष्ट आहे काय, हा प्रश्न केवळ तंत्राचा राहत नाही.

येथेच कुंपणाचा मुद्दा पुन्हा उपस्थित होतो. भिंतीने दिलेले संरक्षण गेल्यावर आज्ञा देणाऱ्याची ओळख पटविणे हे यंत्राचे काम होते. २००९ मध्ये आलेल्या आर्‌.एफ्‌.-फोर-सी.ई. या रेडिओ-नियंत्रणपद्धतीत नियंत्रक व यंत्र यांची प्रथम जोडी बांधून १२८ द्वयंकांच्या गुप्त किल्लीची सोय केली आहे. साध्या अवरक्त आज्ञेस अशी किल्ली नसते. ती जशीच्या तशी रेडिओवर चढविणारे परिवर्तक वापरताना कुंपण मोडले आहे व नवे घातलेले नाही, याची जाणीव ठेवावी.

६. निष्कर्ष

गृहरंजनाची साधने ही चैनीची वस्तू, तेव्हा त्यांच्या नियंत्रणाचा एवढा ऊहापोह कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु ज्यास उठून पलीकडच्या खोलीत जाणे सहज शक्य आहे, त्याच्या दृष्टीने ही सोय आहे. अंथरुणास खिळलेल्या मनुष्याच्या दृष्टीने ती स्वाधीनता आहे. पहिल्यास शंका आली तर तो जाऊन पाहील. दुसऱ्यास शंका आली तर कोणास तरी हाक मारावी लागेल, आणि ती हाक टाळण्यासाठीच तर हे साधन त्याच्या हाती दिलेले असते. म्हणून अशा योजनेची परीक्षा करताना आज्ञा किती अंतरावर पोहोचते, एवढेच विचारून थांबू नये. आज्ञा पुन्हा दिल्यास अपाय होत नाही ना, यंत्राची स्थिती आज्ञा देणाऱ्यास कळते काय, आणि त्याच्यावाचून अन्य कोणी आज्ञा देऊ शकत नाही ना, हे तीन प्रश्न अवश्य विचारावेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी प्रयोगशाळेत ३८ किलोहर्ट्‌झचा एक ग्राहक व दोलनदर्शक घेऊन निरनिराळ्या अंतरांवर व अडथळ्यांमागे म ची किंमत प्रत्यक्ष काढून पाहावी. वर दिलेल्या दोन्ही सूत्रांचा पडताळा त्यावरून सहज घेता येईल.