गादा मासा नव्हे

आपली तापी सुरतेपलीकडे अरबी समुद्राला मिळते. त्याच समुद्रात, खाली कोकणच्या किनाऱ्याला, गादा राहतो. गादा म्हणजे डॉल्फिन.

आम्ही गिरणेच्या डोहात पोहायला शिकलेले. एकदा दापोली तालुक्यातल्या मुरूडला समुद्रात उतरलो. पोहता पोहता समोर करडी पाठ वर आली. फुस्स असा आवाज झाला. वाटलं, शार्क मासा आला, संपलं आता! जवळच्या होडीतला कोळी ओरडला, "गुरुजी, गादा हाय तो. गप ऱ्हावा."

तो आवाज गाद्याच्या श्वासाचा. माशाला कल्ले असतात, तो पाण्यातच श्वास घेतो. गाद्याला आपल्यासारखी फुप्फुसे असतात. नाक मात्र डोक्यावर! डोहात बसलेली म्हैस नाक वर ठेवते ना? तसे गाद्यालाही हवेसाठी वर यावेच लागते. मादी पिलाला दूध पाजते. जाळ्यात अडकला, वर येता आले नाही, की गादा गुदमरून मरतो. जन्म पाण्यातला आणि मरण बुडून!

गादा दिसला तर त्याच्या मागे लागू नये, हात लावू नये. शेपटीचा तडाखा जबर असतो. त्याला मारणे हा तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

आम्ही गप तरंगत राहिलो. दोघे होते, एक मोठा, एक लहान. आणखी दोनदा फुस्स झाले, आणि ते हर्णैच्या बाजूला निघून गेले.